आपला धूर आपल्याच पोटात

गाडी तासभर तरी बंद असू द्या. बॉनेट उघडा आणि पान्ह्याला हात घालण्याआधी जरा थांबा. गेले काही दिवस गाडी ओढत नाहीये. मुंब्रा बायपासच्या चढाला गिअर उतरवावा लागतो, सिग्नलवरून निघताना मागे काळा धूर सुटतो, उभ्या गाडीत इंजिन थरथरतं, पिवळा चेक लाईट जात नाही. मिस्त्रीने स्कॅनर लावला आणि सांगितलं, "दादा, ईजीआर भरलाय." साफ करायचाच आहे, पण त्याआधी धूर पुन्हा इंजिनात वळवणाऱ्या त्या ईजीआर व्हॉल्व्हपाशी थोडा वेळ बसू.

आधी तुमचा रस्ता डोळ्यांसमोर आणा. डोंबिवली एमआयडीसीतून स्टाफ भरून निघालात. काटई नाका, पलावाचा चौक, शिळफाटा. संध्याकाळी ठाण्यात कापूरबावडी, मग घोडबंदर रोड, शेजारी मेट्रो-४ चे खांब. पहिला गिअर, दुसरा, क्लच, ब्रेक. पाय ॲक्सिलरेटरवर नुसता टेकलेला. या सगळ्या वेळात इंजिन चालू असतं, पण त्याला कष्ट नसतात, म्हणून धूर पुरेसा तापत नाही. आणि अशाच हलक्या चालीत हा व्हॉल्व्ह जास्त उघडा राहतो. गायमुखच्या घाटात पाय दाबलात की तो मिटतो, कारण तेव्हा इंजिनाला सगळी ताजी हवा हवी असते. तुमच्या दिवसात चढ किती आणि रांगा किती, मनात तोलून बघा. आत जे साठलंय त्यातलं बरंचसं या रांगांमधलं आहे.

आता धुराच्या मागोमाग आत चला. एक्झॉस्टमधला थोडा धूर सायलेन्सरकडे न जाता वळतो, बहुतेक गाड्यांत कूलरमधून निवतो आणि ताज्या हवेत मिसळून पुन्हा सिलिंडरमध्ये शिरतो. कशासाठी? हवेत साधारण ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन. नायट्रोजन एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण ज्वाला साधारण १५०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेली की तोही ऑक्सिजनशी जोडला जातो आणि नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात. ते फुप्फुसांना त्रास देतात, दमेकऱ्याचा दमा वाढवतात, आणि उन्हात इतर वायूंशी मिळून जमिनीलगत ओझोन बनवतात. परत घेतलेल्या धुरात ऑक्सिजन कमी, कार्बन डायऑक्साइड आणि वाफ जास्त. त्याने ज्वाला निवते. या व्हॉल्व्हचं काम एवढंच.

हे काम कुणासाठी चाललंय, यावर मन थोडं स्थिर करा. पिस्टन, टर्बो, क्लच, ब्रेक हे सगळे गाडीसाठी, मालकासाठी, आत बसलेल्यांसाठी राबतात. हा व्हॉल्व्ह तुम्हाला पिकअप देत नाही, ॲव्हरेजही देत नाही. तो राबतो मागच्या रिक्षात बसलेल्या बाईसाठी, तीन हात नाक्यावर दिवसभर उभ्या असलेल्या ट्रॅफिक हवालदारासाठी, पाठीवर दप्तर घेऊन स्टॉपवर थांबलेल्या पोरासाठी. असे भाग गाडीत थोडेच असतात.

आणि त्याची किंमत तो स्वतः मोजतो. ज्वाला निवली की ऑक्साइड घटतात, पण काजळी वाढते. एक दाबलं की दुसरं वर येतं. डिझेलचा हा जुना पेच आहे. या काजळीत इंजिन ऑइलची वाफ मिसळते. व्हॉल्व्ह सोडवून हातात घेतलाय असं समजा, उजेडाकडे धरा. तोंडाशी काळा, चिकट थर दिसेल, कधीच न घासलेल्या कढईच्या बुडासारखा. हातमोजा घालूनच बोट फिरवा. डिझेलचा धूर कर्करोगाला कारण ठरतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली दिला आहे. वरचा थर मऊ लागतो, खालचा दगडासारखा. त्यात दांडी अडकलीय, तबकडी नीट बसत नाही. म्हणून नको तेव्हाही इंजिन धूर गिळतं, हवा अपुरी पडते आणि मागून काळं निघतं.

इथे मिस्त्री म्हणेल, "साफ कशाला करता? आत एक पत्रा टाकतो, कायमची कटकट मिटेल." मोह खरा आहे. गाडी उभी राहिली की दिवसाचा धंदा बुडतो, हप्ता थांबत नाही. पत्रा टाकला तर पिकअप परत येईल, काळा धूरही कमी होईल. पीयूसी मिळून जाईल, कारण डिझेल गाडीच्या पीयूसीत धुराची घनता मोजतात, नायट्रोजनचे ऑक्साइड नाही. गाडी स्वच्छ झाल्यासारखी वाटेल. पण पत्र्याने नायट्रोजनचे ऑक्साइड वाढले, आणि त्यांतला बहुतेक भाग रंगहीन वायूचा आहे. २०१५ साली फोक्सवॅगनचा घोटाळा उघड झाला तो याच वायूंवरून: चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरते हे वायू दाबणारं सॉफ्टवेअर जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत होतं. पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेने कंपनीच्या आपल्याकडच्या गाड्या तपासल्यावर इथेही लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. भारतात डिझेल मोटारींसाठी या ऑक्साइडची मर्यादा १ एप्रिल २०२० पासून किलोमीटरमागे ०.२५ ग्रॅमवरून ०.०८ ग्रॅमवर आली. एवढ्या वर्षांची ही मेहनत एका पत्र्याने पुसली जाते. मला ते मुळीच पटत नाही. मिस्त्रीला शांतपणे सांगा: पत्रा नको, साफ करून बसवा.

मग हातांना कामाला लागू द्या. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा. सॉकेट ओढू नका, लॉक दाबून काढा. व्हॉल्व्ह सोडवून कार्ब क्लीनर मारा आणि भिजू द्या. इथे घाई केली की सगळं बिघडतं. मऊ ब्रश घ्या, स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका, कारण बैठकीला चरा पडला तर नवा व्हॉल्व्ह आणावा लागेल. मोटरच्या बाजूला क्लीनर जाता कामा नये. मॅनिफोल्डचं तोंड बघा, तिथेही तोच थर असतो. काळं पाणी गटारात ओतू नका, फडक्यात टिपा. पॅकिंग नवंच टाका. जोडून झाल्यावर स्कॅनरने कोड पुसून घ्या, आणि गाडीला लागत असेल तर व्हॉल्व्हची उघडझाप नव्याने शिकवून घ्या.

साफ केलेला व्हॉल्व्ह थोड्याच दिवसांत पुन्हा भरला तर त्याला दोष देऊ नका. इंजेक्टर डिझेल नीट फवारत नसेल, टर्बो ऑइल सोडत असेल, एअर फिल्टर चोंदला असेल, भलतंच ऑइल घातलं असेल. एकेक तपासत मागे जा. काजळी कुठून येतेय ते सापडेपर्यंत बॉनेट लावायची घाई करू नका.