आदाम-हव्वा : वाच्यार्थ की लक्ष्यार्थ?

परवा कीर्तन आटोपल्यावर एका शिक्षकाने विचारले, “बुवा, बायबलातले आदाम-हव्वा खरेच होऊन गेले, की ते रूपक?”

सज्जनहो, शास्त्राची रीत अशी, की मुख्यार्थाला बाध आला तरच लक्षणा घ्यावी. ‘गंगेवर गवळीवाडा’ म्हटले तर प्रवाहात कोणी झोपड्या शोधीत नाही, काठ समजतो. इथे बाध ग्रंथातच दिसतो. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात पशू आधी, मनुष्य मागून. दुसऱ्यात आदाम आधी, पशू मागून. सूर्य तर चौथ्या दिवशी! मग सूर्यावाचून पहिले तीन दिवस कसे झाले? हे तिसऱ्या शतकात ओरिगेन नावाच्या ख्रिस्ती पंडितानेच विचारले. शिवाय हिब्रूत ‘आदाम’ म्हणजे मनुष्य आणि ‘अदामा’ म्हणजे माती. नावच अर्थ सांगते.

अक्षरार्थ धरणाऱ्यांची भीती मात्र पोकळ नव्हे. एका मनुष्याद्वारे पाप जगात आले, असे संत पौलाने रोमकरांस लिहिले. तो मनुष्यच नसेल, तर पाप खोटे आणि तारणही खोटे, असे त्यांना वाटते. पण लक्ष्यार्थ म्हणजे खोटे नव्हे. काठ काय प्रवाहापेक्षा कमी खरा?

वर्ज्य फळ खाल्ल्यावर देवाने विचारले, तेव्हा आदामाने हव्वेकडे बोट दाखविले, हव्वेने सर्पाकडे. ‘माझे चुकले’ असे कोणी म्हटले नाही. हे आपल्या घरी रोज घडत नाही काय? दोष मूळपुरुषावर टाकून मोकळे होणे, किंवा ‘नुसती गोष्टच ती’ म्हणून मोकळे होणे, दोन्ही आदामाच्याच पळवाटा. कथा लक्षणेने वाचावी, पण देवाला उत्तर आपले आपणच द्यावे.