जवळ जाण्याची रीत

आजचं चिंतन गीतेच्या चौथ्या अध्यायातल्या ३४व्या श्लोकावर. ज्ञान हवं असेल तर श्रीकृष्ण तीन गोष्टी सांगतात: प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा. मित्रांनो, प्रश्नाच्या आधी नमस्कार का बरं? मला याचं उत्तर एका सूक्ष्मदर्शकाबद्दल वाचताना सापडलं.

धातूच्या पातळ थरावर नॅनोमीटरच्या मापाच्या रेषा कोरल्या, तर प्रकाशाची लहर त्या पृष्ठभागाला बिलगून पुढे सरकते. थोडं वर गेलं की ती झपाट्याने विरते. काहीशे नॅनोमीटरवर जवळपास काहीच उरत नाही. लांबच्या भिंगापर्यंत ती पोचतच नाही. भिंग म्हणणार, ‘इथे काही नाही.’

१९२८ साली एडवर्ड सिंज यांनी उपाय सुचवला: तरंगलांबीहून लहान छिद्र वस्तूच्या अगदी जवळ न्यायचं. दृश्य प्रकाशात ते जमायला १९८०चं दशक उजाडलं. आता काचेच्या तंतूचं अणकुचीदार टोक पृष्ठभागाच्या जेमतेम काही नॅनोमीटर वरून फिरतं, एकेक बिंदू टिपतं आणि त्यातून लहरीचं चित्र तयार होतं.

पण गंमत पुढेच आहे. जवळ आलेलं टोक त्या लहरीलाच थोडं विसकटतं. म्हणजे चित्रात लहर असते, आणि थोडे आपणही असतो.

आई गेल्यावर बाबा रोज फोनवर म्हणायचे, ‘बरं आहे.’ मीही मानून घेतलं. दिवाळीला घरी गेले तेव्हा कळलं, ते रात्री जेवतच नव्हते. मी लगेच प्रश्नांची सरबत्ती केली: का? कधीपासून? मला सांगितलं का नाही? बाबा गप्पच झाले. दुसऱ्या दिवशी काही न विचारता त्यांच्याजवळ मेथी निवडत बसले. बऱ्याच वेळाने तेच म्हणाले, ‘एकट्यासाठी ताट वाढून घ्यायला हात होत नाही गं.’

लांबून दिसलं नाही म्हणजे नाहीच, असं नसतं. पण जवळ जाणं म्हणजे घुसणंही नव्हे. आपण जवळ गेलो की समोरचा माणूस थोडा बदलतोच, ते टळत नाही. आपलं टोक किती बारीक ठेवायचं, एवढंच आपल्या हातात. नमस्कार म्हणजे मला वाटतं तेच: स्वतःला लहान करून जवळ जाणं.

आज कुणाचं ‘बरं आहे’ तुम्ही लांबूनच मानून घेतलंय? एकदा जाऊन या. प्रश्न थोडे मागाहून.

राम कृष्ण हरी!