दहा हजारांखाली

नांदेडहून मुंबईला जाणारं विमान पाऊण तास उशिरा सुटलं. सहवैमानिक सेनगावकडचा, नोकरीत नवा. कॅप्टन वसमतचे, हळद पिकवणाऱ्या घरातले. त्या दिवशी विमान सहवैमानिकाच्या हाती होतं. चाकं आत गेली, फ्लॅप मिटले, वेग 250 नॉटवर, म्हणजे ताशी सुमारे 463 किलोमीटरवर पोचला. 10,000 फुटांखाली त्याहून जास्त न्यायचा नाही, हा नियम. समोर वसमतचं शिवार, आभाळ लख्ख, पडद्यावर दुसरं विमान नाही.

"सर, सगळं मोकळं आहे. वेग थोडा वाढवू?"

"अडीचशेच."

एवढंच. दहा हजारांखाली कॉकपिटमध्ये कामापुरतंच बोलायचं असतं. ती उंची ओलांडली, नाक जरा खाली आलं, वेग वाढला, तेव्हा कॅप्टननी विचारलं, "किती वाचलं असतं?"

"फार तर मिनिटभर."

"मग का नाही वाढवलास?"

"तुम्ही नको म्हणालात. शिवाय प्रत्येक आकडा नोंदला जातो, कंपनी तपासते."

"हा झाला धाक. कारण काय?"

पोरगा गप्प राहिला. मग कॅप्टननी 16 डिसेंबर 1960 ची सकाळ सांगितली. न्यूयॉर्कवर ढग होते. युनायटेडच्या डीसी-8 जेटला ठरलेल्या जागी घिरट्या घालत थांबायचं होतं. दिशा दाखवणारा एक रेडिओ बंद पडलेला, त्यात वेग तीनशे नॉटच्या घरात. ते थांब्याच्या पुढं निघून गेलं आणि टीडब्ल्यूएच्या सुपर कॉन्स्टेलेशनवर आदळलं. दोन्ही विमानांतली 128 आणि जमिनीवरची 6 माणसं गेली. अडीचशेची मर्यादा अमेरिकेत आली ती त्या अपघातानंतर.

"पण सर, आज तर काहीच आडवं आलं नाही."

"त्या सकाळच्या आदल्या दिवशीही आलं नव्हतं," कॅप्टन म्हणाले. "आणि पक्षी या पडद्यावर दिसत नाहीत. येलदरीच्या, सिद्धेश्वरच्या पाण्यावर हिवाळ्यात किती उतरतात, हे तू लहानपणापासून बघत आलास. अडीचशेचे तीनशे केले की धडकेचा जोर जवळजवळ दीडपट होतो."

हा नियम आडमुठा नाही, हेही सांगायला हवं. काही जड विमानांना फ्लॅप मिटवून सुरक्षित उडायलाच जास्त वेग लागतो. तेव्हा वैमानिक नियंत्रकाला तसं कळवतात आणि तेवढा वेग घेतात. उशीर झाला, ही त्यातली गरज नव्हे.

पुढं हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी हीच जोडी पुन्हा नांदेडहून निघाली, आणि पुन्हा उशिरानंच. विमान पोराच्याच हाती, रेडिओ कॅप्टनकडे. या वेळी नियंत्रकानं आपणहून सांगितलं, "वेगाची मर्यादा नाही." आता तीनशे केले असते तरी कुणी जाब विचारला नसता, नोंदीतही खोट निघाली नसती. कॅप्टन काही बोलले नाहीत.

उजवीकडं, सिद्धेश्वरच्या दिशेनं पक्ष्यांची लांब रांग निघाली होती. पोरानं ती पाहिली. वेगाच्या बटणाकडं त्याचा हात गेला नाही.

"सर, कळवता का? दहा हजारांपर्यंत अडीचशेच ठेवतोय, पुढं पक्षी आहेत. आपल्यामागून येणाऱ्यालाही सांगा म्हणावं."

कॅप्टननी बटण दाबलं आणि पक्ष्यांची उंची व दिशा यांसकट तसंच कळवलं.