यशाचा परिग्रह

आपल्या उज्जैनला शिकणाऱ्यांचं गाव म्हणून फार जुनी ओळख आहे. सांदीपनी आश्रमात कृष्ण आणि सुदामा एकत्र शिकले. पुढं एक द्वारकेचा राजा झाला, दुसऱ्याच्या घरी अठरा विश्वे दारिद्र्य. पण सुदामा मागं पडला म्हणून त्याचं शिक्षण वाया गेलं, असं ती कथा सांगत नाही.

आज १९५७ साली विक्रम विद्यापीठ या नावानं सुरू झालेल्या विद्यापीठात आसपासच्या गावांतून मुलंमुली येतात, भाड्याच्या खोलीत राहतात, डबा लावतात. आपली मुलं इंदूरला, पुण्याला जातात. फोनवर "सगळं ठीक" म्हणतात. खरंच ठीक असतं का? सरकारी नोंदीप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपलं जीवन संपवलं. त्यात महाराष्ट्र पहिला, आपला मध्य प्रदेश तिसरा.

अशा दुःखाला एकच कारण नसतं. पैशाची ओढाताण, एकटेपणा, प्रेमभंग, नोकरीची काळजी, शिवाय नैराश्य हा आजारच आहे. तापाला औषध देतो तसं त्यालाही द्यावं लागतं. नुसत्या माळेनं तो बरा होत नाही. पण घराच्या हातात जे आहे, त्याचा विचार आपणच करायला हवा.

आपण परिग्रहाला मर्यादा घालतो. दागिने इतके, साड्या इतक्या. मुलांच्या यशाची मोजदाद मात्र त्यात कधी येत नाही. परिग्रह म्हणजे काही नुसती वस्तू नव्हे, 'हे माझं' ही मूर्च्छा. मुलगा नापास झाला आणि त्याच्या दुःखाआधी मला समाजात काय तोंड दाखवू याची चिंता वाटली, तर ते यश त्याचं नव्हतंच, मी माझ्या तिजोरीत ठेवलं होतं.

कुणी म्हणेल, मग मुलांना अभ्यासाचं विचारायचंच नाही का? विचारावं की! शिस्तही हवी. फक्त एक कसोटी लावावी : वाईट बातमी सांगायला मुलगी आधी आपल्याकडे येते, की सगळ्यात शेवटी? शेवटी येत असेल, तर आपल्या प्रेमाला तिनं अट समजलंय.

मुलाची झोप उडाली, जेवण सुटलं, बोलणं तुटलं, "मी नसलेलाच बरा" असं काही तो बोलला, तर उपदेश नको. जवळ बसा, ऐका, डॉक्टरांकडे न्या. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत. तो फ्रिजवर लिहून ठेवा.

आणि मैत्रिणींनो, चातुर्मासात आपण हिरवी भाजी सोडतो, रात्रीचं जेवण सोडतो. यंदा आणखी एक नियम घेऊ या. मंदिराच्या ओट्यावर बसून कुणाच्याही मुलाचे टक्के आणि पॅकेज विचारायचं नाही. चार महिने जमलं, तर पुढंही जमेल.