प्रत, पात्र आणि रांग

धर्मशास्त्रात दान म्हणजे वस्तूवरील स्वतःचे स्वत्व, म्हणजे मालकी, सोडून तेथे दुसऱ्याचे स्वत्व निर्माण करणे; 1999 मध्ये आलेल्या नॅपस्टरने आणि नंतरच्या सोलसीकने रूढ केलेल्या फाइल-देवाणघेवाणीत मात्र मूळ फाइल देणाऱ्याजवळच राहते, त्यामुळे ती या व्याख्येत बसत नाही (ते स्वत्व मुळात देणाऱ्याचे होते का, हा प्रश्न तर आणखीच अवघड). तरीही देणाऱ्याचे काहीच खर्च होत नाही असे नव्हे, कारण त्याची अपलोड-क्षमता मर्यादित असते आणि मागणाऱ्यांची रांग लागते. सोलसीकवर वापरकर्ता दुसऱ्याचा संग्रह चाळतो, चॅटमध्ये दोन शब्द बोलतो, त्याला मित्रयादीत घेतो आणि यादीतल्यांना रांगेत अग्रक्रम देऊ शकतो. व्याख्येत बसत नसली तरी या देवाणघेवाणीला दानाची आणखी एक कसोटी लावून पाहता येते: भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात ज्याच्याकडून परतफेडीची आशा नाही अशा सत्पात्राला, देशकाल पाहून दिलेले दान सात्त्विक, तर मोबदल्यावर डोळा ठेवून दिलेले राजस मानले आहे. या कसोटीवर मित्रयादीतला अग्रक्रम बहुधा राजसच ठरतो, कारण ज्याचा संग्रह मोठा त्याच्याशी मैत्री लवकर जुळते. रिकाम्या हाताने आलेल्या नवख्याला दिलेली प्रत सात्त्विकाच्या अधिक जवळ जाते.