पाळलेल्या माशाचा हक्क

इशाच्या नमाजनंतर आमच्या जमाअतमधील एक तरुण थांबला. लातूरमध्ये तो फर्निचरची कामे करतो. त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढे पसरला. त्यावर माशांच्या एका हौदाचा आराखडा होता : ८ फूट लांब, ३ फूट रुंद, अडीच फूट उंच, तळ आणि तीन बाजू १८ मिलिमीटर जाडीच्या मरीन प्लायवूडच्या, आतून इपॉक्सीचे थर, समोर एकच जाड काच.

“मौलाना, हे जाइज आहे का? अब्बा म्हणतात, हा इस्राफ आहे.”

मी उभ्या उभ्याच उत्तर दिले की, मासे पाळणे मुबाह आहे, मात्र उधळपट्टी टाळ. किताबांच्या दृष्टीने या उत्तरात काही चूक नव्हती. तरीही चार दिवसांनी त्याच्या घरी गेलो, तेव्हा त्या उत्तराची मला शरम वाटली.

दिवाणखान्यात तीन फुटांची काचेची टाकी होती आणि तिच्यात जवळजवळ दोन फुटांचा, लाल शेपटीचा एक मासा. वळायचे झाले की त्याला सारे अंग धनुष्यासारखे वाकवावे लागे. काचेवर घासून घासून त्याच्या तोंडापाशी जखम झाली होती. दोन वर्षांपूर्वी हाच मासा बोटाएवढा असताना बाजारातून आणलेला. विकणाऱ्याने सांगितले होते की, टाकी जेवढी, तेवढाच मासा वाढतो. हा समज सर्वत्र पसरलेला आहे आणि तो खोटा आहे. मासा टाकी पाहून वाढत नाही. अपुऱ्या जागेत आणि दूषित पाण्यात तो खुरटतो, आजारी पडतो. हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन आणि ओरिनोको या नद्यांचा. पुरेसे जगला तर तो तीन फुटांच्याही पुढे जातो.

म्हणजे तो कागद शोभेच्या वस्तूचा नव्हता. एका कैद्याची कोठडी मोठी करण्याचा तो आराखडा होता आणि मी त्याला उधळपट्टीवर उपदेश करून परत पाठवले होते.

प्राणी बाळगण्याच्या परवानगीसाठी आपले उलमा हजरत अनस (रजि.) यांच्या धाकट्या भावाची हदीस सांगतात. अबू उमैर या लहानग्याने एक चिमणा पक्षी पाळला होता. तो मेला तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्या मुलाची मोठ्या मायेने विचारपूस केली. शाफई फकीह इब्नुल कास्स (मृत्यू हिजरी ३३५) यांनी या एवढ्याशा प्रसंगातून साठाहून अधिक मसले काढून स्वतंत्र पुस्तिका लिहिली. परवानगी आहे, याविषयी वाद नाही. परंतु परवानगीनंतर काय, हे सांगणारी हदीस दुसरी आहे आणि ती बुखारी व मुस्लिम दोन्हींत आहे. एका स्त्रीने मांजरीला कोंडून ठेवले, तिला खाऊ घातले नाही आणि जमिनीवरचे किडेमकोडे शोधून खायला मोकळेही सोडले नाही. त्यापायी ती स्त्री आगीची धनी झाली.

या हदीसमधील दुसऱ्या भागावर आपण फारसे थांबत नाही. मोकळ्या मांजरीला तिचा रिज्क अल्लाहच्या जमिनीवर मिळाला असता. दार बंद करणाऱ्याने तो मार्ग बंद केला, म्हणून ती जबाबदारी त्याच्या मानेवर आली. काचेआडच्या माशाचे तर अन्नच नव्हे, श्वासही आपल्या हाती असतो. त्याच्या उत्सर्गातून पाण्यात अमोनिया साचतो आणि त्या विषाचे रूपांतर करणारे जिवाणू नव्या हौदात तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आज हौद भरला आणि उद्या मासे सोडले, असे करणारा माणूस क्रूर नसेलही. पण मासे मरतातच. आपल्या मालकाची तक्रार प्रेषित (स.) यांच्यापुढे रडून मांडणाऱ्या उंटाची हदीस अबू दाऊदमध्ये आहे. मासा तर रडून तक्रारही मांडत नाही.

सातव्या हिजरी शतकातील इमाम इज्जुद्दीन इब्ने अब्दुस्सलाम (मृत्यू हिजरी ६६०) यांनी माणसावर असलेले जनावरांचे हक्क नोंदवून ठेवले आहेत. जनावर म्हातारे किंवा आजारी होऊन उपयोगाचे राहिले नाही, तरी त्याचा खर्च उचलावा. त्याला इजा करील अशा जनावराबरोबर, मग ते त्याच्याच जातीचे का असेना, ठेवू नये. त्याच्या निवाऱ्याची जागा चांगली असावी. इमामांच्या डोळ्यांसमोर उंट-घोडे असतील, परंतु हौदात कोणता मासा कोणाबरोबर ठेवावा, याचा नियमही यातच आला. मोठ्या माशापुढे जिवंत लहान मासे सोडून पाहुण्यांना तमाशा दाखवणारे लोक मी पाहिले आहेत. नदीत लहान माशाला पळायला वाट असते, येथे नसते. प्राण्यांच्या झुंजी लावण्यास जी मनाई आहे, तिच्यापासून हे फार दूर आहे असे मला वाटत नाही.

मग हौद बांधावा, हे ठरले. पण कोठे? तो दुसऱ्या मजल्यावर राहतो. त्या आराखड्यातील हौदात सुमारे १,७०० लिटर पाणी मावते. म्हणजे नुसत्या पाण्याचेच वजन १,७०० किलो. राहत्या घरांच्या स्लॅबसाठी आपल्याकडे दर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरतात. येथे तो साडेसातशेच्या वर जातो. समोरच्या काचेवरचा एकूण दाब वेगळाच, सुमारे ७०० किलोचा. खालच्या मजल्यावर एक हिंदू कुटुंब राहते. शेजाऱ्याच्या हक्कात धर्म विचारला जात नाही आणि स्वतःच्या माशाचा हक्क दुसऱ्याच्या छपरावर बसून अदा करता येत नाही. शिवाय तीन फूट रुंदीच्या हौदात हा मासा दोन वर्षांनी पुन्हा वाकूनच वळणार होता.

कोणीतरी सुचवले, धरणात सोडून द्या, सवाब मिळेल. हे अजिबात करू नये. शोभेसाठी आणलेले आणि मग सोडून दिलेले परदेशी मासे आपल्या जलाशयांत किती ठिकाणी पसरले आहेत! २०२३ मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात अमेरिकेतील ॲलिगेटर गार हा शिकारी मासा सापडला होता. सूरह अल-अनआममध्ये प्राण्यांना आपल्यासारख्याच उम्मती म्हटले आहे. एका जिवाला मोकळे करताना तेथील उम्मतीवर संकट सोडण्यात सवाब कसला?

वडिलांची शंका मात्र पूर्णपणे फेटाळता येत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी प्यालेले हे शहर आहे. प्रेषित (स.) एका मुद्दमध्ये, म्हणजे सुमारे पाऊण लिटर पाण्यात, वुजू करीत. मोठ्या हौदातील पाण्याचा पाचवा हिस्सा दर आठवड्याला बदलावा लागतो. ते पाणी गटारात गेले तर इस्राफच. झाडांच्या मुळाशी गेले तर नाही, कारण त्यात झाडांना मानवणारे नायट्रेट असते. आणि टंचाई आलीच तर आधी काय? पाळीव जनावराच्या तहानेसाठी पाणी राखून ठेवायचे असेल तर माणसाने तयम्मुम करावे, अशी मुभा फकीहांनी दिली आहे. ज्याचे घरच पाणी आहे, त्याचा हक्क यावरून समजून घ्यावा.

आता हौद त्याच्या वर्कशॉपमध्ये, तळमजल्याच्या पक्क्या जमिनीवर उभा राहतो आहे : १२ फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच. तोवर मासा काळ्या प्लास्टिकच्या २,००० लिटरच्या टाकीत आहे. मासा सोडण्याआधी हौद निव्वळ पाण्याने भरून ठेवला होता. नवव्या दिवशी डाव्या कोपऱ्यातून ओल फुटली. फळीच्या कडेला थर पातळ राहिला होता, बाहेरून ते दिसत नव्हते. पाणी वर्कशॉपमागच्या कडुनिंबांना देऊन हौद रिकामा केला आहे. लाकूड पूर्ण वाळले की कोपऱ्यांत काचतंतूचे कापड बसवून पुन्हा इपॉक्सी चढवायची आहे.