दुपारच्या बैठकीच्या आत

सप्टेंबर 1994. सुरतेत प्लेगची बातमी पसरली आणि लाखो माणसं मिळेल त्या गाडीनं शहर सोडून निघाली. उधना, लिंबायत, पांडेसरा भागांत लूम आणि मिलवर राबणारे आपले खानदेशी कामगारही भुसावळ लाइननं नंदुरबार, अमळनेर, जळगावकडे परतले. पन्नासच्या आसपास माणसं दगावली. पण सुरतचं नाव जगभर गेलं ते त्या आकड्यामुळे नाही, तिथल्या घाणीमुळे.

मे 1995 मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले. पुढची गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे. वर्ष-दीड वर्षात सुरत देशातलं दुसऱ्या क्रमांकाचं स्वच्छ शहर ठरलं, पहिलं चंडीगड. आपण ही गोष्ट एका धडाडीच्या अधिकाऱ्याची म्हणून सांगतो. मला ती तशी सांगणं अपुरं वाटतं. कारण सफाई कामगार तेच होते, इंजिनिअर बहुतांशी तेच, कायदाही जुनाच. मग बदललं काय?

आधीचं चित्र आठवून पाहा. सुरतच कशाला, कुठल्याही कचेरीतलं चालेल. गल्लीत गटाराचं झाकण फुटतं. मुकादमाला ते दिसतं. तो वर कळवतो, वरचा टिपण लिहितो, टिपण लेखा विभागात जातं, तिथून शेरा पडून खाली येतं. तोवर कुणीतरी त्या भोकात झाडाची फांदी खोचून ठेवलेली असते. मुकादमाला पुढाकार घ्यायचा नसतो असं नाही. झाकण बसवायला लागणारे पैसे आणि सही दोन्ही त्याच्यापासून चार मजले वर असतात. अशा माणसाला ‘स्वतःहून काम करायला शिका’ असं सांगणं म्हणजे क्रूर थट्टाच.

रावांनी शहराच्या सहा झोनच्या प्रमुखांना आयुक्तांचे बरेचसे आर्थिक आणि प्रशासकीय अधिकार देऊन टाकले. आपल्या हद्दीतला खर्च, आपल्या हद्दीतली कारवाई, निर्णय तुमचा. अधिकाऱ्यांनी सकाळी उठून आधी रस्त्यावर जायचं, मग टेबलाशी. याला त्यांनी गमतीचं नाव दिलं होतं: ‘एसी टू डीसी’, म्हणजे एअर-कंडिशन्ड खोलीतून डेली चोअर्सकडे. स्वतः रावही रस्त्यावर असत. आणि दुपारी सगळ्यांची बैठक. सकाळी काय पाहिलं, त्याचं काय केलं, अडलं कुठे, हे सगळ्यांसमोर सांगायचं. दुसऱ्या झोनचा माणूस समोर बसलेला असताना ‘वरून मंजुरी आली नाही’ हे कारण चालत नाही, कारण वर आता कुणी उरलेलंच नसतं.

इथे एक अवघड जागा आहे. अधिकार मिळाला की सगळे खूश होतात हा आपला भाबडा समज. प्रत्यक्षात पुष्कळांना तो नको असतो. ‘साहेबांना विचारून सांगतो’ या वाक्याच्या आडोशाला अख्खी नोकरी सुखानं काढता येते. सही आपली झाली की शिव्याही आपल्याच. म्हणून रावांच्या कामातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट झाडूची नाही, हातोड्याची आहे. अनधिकृत बांधकामं पाडायला सुरुवात झाली ती बड्या, वजनदार मंडळींपासून. त्यातून खालच्या अधिकाऱ्याला जे कळलं ते कुठल्याही परिपत्रकातून कळलं नसतं: उद्या मी कुणा मोठ्याच्या ओट्याला हात लावला, तर वरून फोन येणार नाही. पाठीशी माणूस उभा आहे याची खात्री पटल्याशिवाय कोण कशाला पुढे होईल?

आपल्याकडचे बहुतेक वरिष्ठ नेमकं इथेच घसरतात. काम सोपवतात, अधिकार राखून ठेवतात. आणि बिनसलं की पहिला प्रश्न, ‘हे तुला कुणी करायला सांगितलं होतं?’ एकदा हा प्रश्न ऐकलेला माणूस पुन्हा वर्षभर तोंड उघडत नाही.

पुढे रावांची बदली झाली. 2006 च्या ऑगस्टमध्ये तापीनं सुरतेचा मोठा भाग बुडवला, आणि चिखलातून शहर पुन्हा उभं राहिलं ते त्याच झोनच्या यंत्रणेवर. 2023 च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरसोबत पहिला क्रमांकही मिळाला. लिंबायतच्या खाडीचं पाणी मात्र पावसाळ्यात अजूनही घरांत शिरतं. तिथले लोक चिडतात, तावातावानं बोलतात. पण भांडायला झोन ऑफिस जवळ आहे, आणि तिथल्या साहेबाला ‘वर विचारतो’ म्हणून सुटता येत नाही, एवढं त्यांना पक्कं ठाऊक असतं.